तुळशीला घातलेलं पाणी

कॅमेरा मी धुतला. दुसऱ्या कुणी न्हाय, मीच, ह्या दोन हातांनी. आता अख्ख्या वडगावाला ते कळलंय आणि जो तो पदरची भर घालून सांगालाय. एकीनं तर म्हणे सांगितलं, मालुबाईनं कॅमेरा कुकरात घालून तीन शिट्ट्या काढल्या. सांगणारीचं काय जातंय? म्हणून म्हणलं, आपलं आपणच सांगितलेलं बरं.

आमचं घर विणकराचं. तीस वरसं मी हातमागावर साड्या विणल्या. मग गल्लीत पॉवरलूम आले, आणि एक दिवस माझा माग मोडून त्याची लाकडं घरामागच्या परड्यात रचून ठिवली. लोक म्हणले, आता आराम करा मालुबाई. आराम म्हंजे काय असतंय ते ज्याच्या हातचं काम गेलंय त्याला इचारा. सहा महिने माझे पाय झोपेत सुद्धा मागाच्या पावड्या मारालते.

पोरगा साईनाथ एका सोसायटीत कारकून. सून ऋतिका कॅम्पातल्या एका शाळेत पोरांना कॉम्प्युटर शिकवायची. शिकवायची म्हंजे पगार घ्यायची, जीव सगळा फोटोत. कुणाचं बारसं असू दे, साखरपुडा असू दे, ही दुसऱ्याचा कॅमेरा मागून आणणार आणि जेवण सोडून फोटो काढत हिंडणार. शेवटी गेल्या वर्षी तिनं शाळा सोडली. साईनाथला काय ते पटलं न्हाय. दोघांचं ठरलं, एक वरीस बघायचं, जमलं तर जमलं, न्हायतर जानेवारीत परत शाळा. शाळेच्या बाई चांगल्या, त्यांनी जागा तेवढी धरून ठिवली. खरं सांगते, मला पण आधी आवडलं न्हवतं. सून लग्नात जायची ती हातभर बांगड्या घालून, का खांद्याला पिशवी अडकवून पुरुषांच्या पुढं पुढं? पण तिनं काढलेले फोटो बघितले आणि मी गप्प बसले. लग्नात नवरीची आई एका कोपऱ्यात उभी राहून पदरानं डोळं पुसालती, ते कुणी बघितलं न्हवतं. हिनं बघितलं.

कॅमेरा घेतला दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मी म्हणलं, मी पण येणार, नवी वस्तू घरात येताना मोठ्या माणसानं बरोबर असावं. दुकानदार लई गोड बोलायचा. हा कॅमेरा पावसाला भीत न्हाय, धुळीला भीत न्हाय, म्हणला. मी म्हणलं, तोंडानं कुणी पण सांगतंय. तर त्यानं टेबलावरचा पाण्याचा गिलास उचलला आणि माझ्या डोळ्यांदेखत कॅमेऱ्यावर ओतला. ऋतिका किंचाळली. त्यानं फडक्यानं पुसला, बटण दाबलं आणि माझाच फोटो काढून दाखवला. तोंड उघडं पडलेलं, पण फोटो झकास. तवापासनं माझ्या मनात पक्कं बसलं, ह्याला पाण्यानं काय होत न्हाय. ऋतिकानं त्याच दिवशी विमा पण उतरवला, ते मला बेस वाटलं. पोरगी हुशार हाय.

पुढं तुळशीचं लगीन झालं आणि चार दिवसांनी माझ्या माहेरची जत्रा आली. माझं माहेर निपाणीच्या पलीकडं, बिरदेवाचं गाव. माझा भाऊ भावकू पंच मंडळीत हाय, त्यानं जत्रेच्या फोटोचं काम ऋतिकाला दिलं. तिचं पहिलंच मोठं काम. जत्रा म्हंजे नुसता भंडारा. माणसं पोत्यानं हळद आणत्यात, मुठी भरभरून उधळत्यात, ढोल वाजत असतोय आणि समोरचा माणूस दिसत न्हाय एवढं सगळं पिवळं. ही पोरगी त्याच्या मधोमध. मी देवळाच्या पायरीवरनं बघालते, कधी तिचा हात दिसतोय, कधी कॅमेरा. सांजच्याला बाहेर आली तर ओळखंना, नुसते डोळे पांढरे. पण हसालती. म्हणली, "आत्ती, असले फोटो जन्मात काढले न्हवते."

घरी आल्यावर तिनं फोटोचं कार्ड काढून फोटो कॉम्प्युटरात भरून ठिवले, त्यामुळं फोटोंना काय झालं न्हाय, ते आधीच सांगून टाकते. सकाळी उठून ती छापखान्याकडं निघाली आणि जाताना मला म्हणली, आत्ती, कॅमेऱ्याला हात लावू नका, दुपारी येऊन मी ब्रशनं झाडते.

झाडते म्हणली! देवाचा भंडारा केरसुणीनं झाडायची वस्तू हाय व्हय? झाडला की खाली पडणार, खाली पडला की पायाखाली येणार, आणि संध्याकाळी केरात जाणार. आमच्या माहेरात अंगावरचा भंडारा सुद्धा असा तसा झटकत न्हाईत. कपाळाला लावायचा, राहिलेला पुडीत बांधायचा. ह्या पोरींना कोण सांगणार? सांगायला गेलं तर सासू जुन्या वळणाची. म्हणून म्हणलं, ती यायच्या आत आपणच सोडवून घिऊया. भंडारा पण जपला जाईल आणि पोरीचं काम पण वाचंल.

तांब्याची परात घेतली. कॅमेरा मधी ठिवला आणि वरनं हळूहळू पाणी सोडलं. पिवळं पाणी लागलं उतरायला. पण भंडारा लई बारीक, फटीफटीत जाऊन बसलेला. मग जिथं म्हणून खिटी दिसली तिथलं झाकण उघडलं. खाली एक झाकण, बाजूला दोन. पुढचं नळकांडं फिरवलं तर ते हातात आलं. म्हणलं, बरं झालं, आतनं पण निघंल. तान्ह्या पोराचे कान धुवावेत तसा धुतला बघा, एक कण ठिवला न्हाय. परातीतलं पाणी तुळशीला घातलं. आणि कॅमेरा वाळत घातला. आता तुम्ही म्हणशिला, उन्हात घातला असंल. छे! तीस वरसं रेशीम हाताळलंय मी, भारी वस्तू उन्हात वाळवायची न्हाय एवढं मला कळतंय. उन्हानं रंग उडतोय. मऊ मलमलीत गच्च गुंडाळून कपाटावर सावलीत ठिवला.

ऋतिका दुपारी आली. मी ताठ मानेनं सांगितलं, भंडारा सगळा काढलाय, कॅमेरा सावलीत हाय, दोन दिवस हलवू नको. ती खुर्चीत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी पण दोन शब्द बोलले असते. पण ती एवढंच म्हणली, "आत्ती, झाकणं उघडून धुतलात?"

"मग?" मी म्हणलं. "आत भंडारा न्हवता व्हय?"

तिनं मलमल सोडली. कॅमेरा तिरका केला तर आतनं पिवळ्या पाण्याची धार लागली, आणि तिच्या डोळ्यांतनं पण. तवा मला कळलं, आपल्या हातनं काय झालं ते.

पहिल्यांदा दुकानात गेलो, कारण वॉरंटी होती. दुकानदारानं सर्व्हिस सेंटरला पाठवला, आठ दिवसांनी तिकडनं कॅमेरा तसाच परत आला, बरोबर कागद. आत पाणी, पाण्यात पिवळी पावडर, मुख्य भाग कामातनं गेला, आणि पाण्यानं बिघडलं तर वॉरंटी लागू न्हाय. माझं टाळकं सरकलं. मी म्हणलं, "मग दसऱ्याला तू माझ्यासमोर ओतलास ते काय तीर्थ होतं?" दुकानात चार गिऱ्हाइकं होती, सगळी वळून बघालती. दुकानदार पण बिचारा घाम पुसत म्हणला, आज्जी, तवा सगळी झाकणं बंद होती. वरनं शिंतोडा उडाला तर चालतोय, दारं उघडून पाणी आत सोडलं तर कुठला कॅमेरा टिकणार? म्हणला, तुमच्या घराला पण छप्पर हाय की, म्हणून खिडकीतनं पाण्याचा पाइप सोडला तर घर भिजंल का न्हाय? मग मी म्हणलं, हे सगळं गिलास ओतायच्या आधी सांगायचं असतंय, आणि बाहेर आले.

राहिला विमा. संध्याकाळी साईनाथनं त्याचा कागद उघडून एकेक ओळ मराठीत सांगितली. चोरी झाली तर मिळणार, पडला तर मिळणार, अपघातानं पाणी शिरलं तर मिळणार. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात त्यानं पुढची ओळ वाचली. वस्तूची साफसफाई करताना नुकसान झालं तर काहीच मिळणार न्हाय. स्पष्ट लिवलेलं. विमा मिळाला न्हाय तर दुसरा कॅमेरा न्हाय, कॅमेरा न्हाय तर जानेवारीत शाळा, एवढं सरळ होतं ते.

ऋतिकानं अर्ज भरला. त्यात लिवलं, जत्रेत अवकाळी पाऊस आला आणि गडबडीत झाकण उघडं राहिलं. मला म्हणली, आत्ती, विमावाला बघायला येईल, तुम्ही काय बोलू नका, तुमचं नाव कशाला उगाच कागदावर यायला पायजे. पोरगी माझ्यासाठी खोटं लिवालती. मला लाज वाटली. आणि खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं पण वाटलं.

तपासणीला आलेला माणूस पन्नाशीचा, नाव बसवंत, संकेश्वरकडचा. घरात कन्नड, आमच्याशी मराठी, कागद इंग्रजी. चपला दाराबाहेर काढून आला, चहाला नको म्हणला न्हाय, माणूस बरा वाटला. त्यानं ऋतिकाला दोन-चार प्रश्न इचारले. मग मलमलीतनं कॅमेरा काढला, उलटासुलटा केला आणि गळ्यात अडकवायचा पट्टा ओढून बघितला. मी सगळं धुतलतं, पट्ट्याच्या शिवणीचं तेवढं राहून गेलतं. शिवणीतनं चिमूटभर भंडारा सुटला तो थेट त्याच्या कागदावर.

दुसरा कुणी असता तर फुंकून टाकला असता. हा माणूस थांबला. कागद जरा दुमडून त्यानं भंडारा एका जागी केला, बोटानं कपाळाला लावला, आणि राहिलेला माझ्या तळहातावर ठिवला. म्हणला, देवाचं हाय, घ्या. मी मूठ मिटली.

मग तो साध्या आवाजात म्हणला, "आक्का, तुम्ही पण होता न्हवं जत्रेत? पाऊस कधी आला?"

आता बघा माझी काय अवस्था. आमच्या गावात बांधाचं भांडण असू दे न्हायतर सोयरिकीचं, कोर्टात जायच्या आधी देवळात भंडारा उचलायला लावत्यात. भंडारा हातात घेऊन खोटं बोललेला माणूस मी बघितला न्हाय. एकदा माझा भावकू, नंबर एकचा बिलंदर, भंडारा समोर आल्यावर शेजाऱ्याचा अख्खा बांध सोडून घरी आलता. त्या बसवंतच्या मनात तसलं काय होतं का न्हवतं, देव जाणे. पण माझी मूठ गरम झालती. ऋतिका माझ्याकडं बघालती, साईनाथ खोकून खुणावालता. मी सुनेचं तोंड बघितलं, मुठीकडं बघितलं.

"पाऊस आला न्हाय साहेब," मी म्हणलं. "कॅमेरा मी धुतला."

ऋतिकानं डोळे मिटले. मी मग काय लपवलं न्हाय. परात, झाकणं, नळकांडं, मलमल, सगळं सांगितलं. सुनेनं खोटं लिवलं ते माझ्यापायी, तिचा काय दोष न्हाय, ते पण सांगितलं. बसवंतनं लिवायचं थांबवून चष्मा काढला. त्याला वाईट वाटलेलं दिसालतं. म्हणला, आक्का, खरं सांगितलात ते बरं केलात, पण आता माझा इलाज न्हाय, सफाई करताना बिघडलं तर कंपनी देत न्हाय.

माझं डोकं भडकलं. चोरी केल्यासारखं इतके दिवस मान खाली घालून बसले होते, ते सगळं बाहेर पडलं. मी इचारलं, "सफाई कुणी केली?"

"तुम्हीच म्हणलात की, धुतला."

"धुतला, भंडारा काढून घ्यायला. सफाई घाणीची करत्यात. तुम्ही आत्ता कपाळाला लावलात ती घाण व्हय?"

त्याचा हात आपोआप कपाळाकडं गेला. साईनाथ म्हणला, आई, गप्प बस. मी म्हणलं, आता गप्प बसायचं दिवस गेले. त्या कॅमेऱ्याला धूळ लागली असती, चिखल लागला असता, तर मी बोट लावलं नसतं, सुनेनं सांगितलंच होतं. देवाचा भंडारा पायाखाली येऊ नये म्हणून हात घातला. देवाचं गोळा करताना वस्तूत पाणी शिरलं, तो अपघात न्हाय तर काय हाय?

बसवंतनं चष्मा परत घातला. मग इचारलं, "धुतलेलं पाणी कुठं टाकलात?"

"टाकीन कशाला? तुळशीला घातलं. घाण पाणी कुणी तुळशीला घालतंय?"

तो उठला. म्हणला, दाखवा. सगळे परड्यात गेलो. तुळशीच्या लग्नासाठी वृंदावनाला नवा चुना दिलेला, पांढरंशुभ्र. आणि चुन्यावर हळद पडली की लाल होती, ते कुणाला सांगायला नको. वरनं खालपर्यंत लाल-पिवळे ओघळ, बुडातली माती पिवळी. लग्नाच्या नवरीगत मळवट भरलेली दिसालती तुळस. बसवंत वाकून बघालता. आधी हात जोडले, मग मोबाइल काढून चार बाजूंनी चार फोटो घेतले. न राहवून ऋतिका म्हणली, सर, उजेड तिकडनं येतोय, इकडनं काढा. त्यानं तिकडनं काढला.

आत येऊन त्यानं पावसाची ओळ ऋतिकाकडनं खोडून घेतली, खरं काय झालं ते लिवून घेतलं, खाली सही घेतली. मला म्हणला, मी बघितलं तेवढं लिवणार, पुढं कंपनीची मर्जी. मी म्हणलं, तेवढंच लिवा.

पुढचे तीन आठवडे काय सांगू. साईनाथ माझ्यावर चिडलेला, दोन मिनिटं गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं म्हणायचा. शाळेतनं फोन आला, एक तारखेला येणार का, नक्की सांगा. ऋतिकानं कपाटातनं शाळेच्या साड्या काढल्या आणि एकेक इस्त्री करून घडी घालून ठिवली. मी दारातनं बघालते. माझा माग मोडला तवा मोडणारे परके होते. हिचा मी मोडला. असं वाटालतं की त्या परड्यातल्या लाकडांवर जाऊन बसावं आणि कुणी बोलवू नये. न राहवून मी म्हणलं, "ऋतिका, माझं चुकलं गं."

ती इस्त्री बाजूला ठिवून म्हणली, "आत्ती, भंडारा हातात घेऊन खोटं बोलला असता, तर मला जास्त वाईट वाटलं असतं." मग म्हणली, "पण पुढच्या येळी झाकणाला हात लावू नका." दोघी हसलो, आणि दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

तीस तारखेला दुपारी कंपनीचा कागद मोबाइलवर आला. साईनाथला ऋतिकानं सोसायटीतनं बोलावून घेतलं, आपल्याला वाचायची भीती वाटती म्हणून. त्यानं एकदा मनात वाचला, मग मोठ्यानं. नुकसान साफसफाई करताना झालेलं न्हाय. देवाचा प्रसाद गोळा करताना अपघातानं पाणी शिरलं, सोबत तुळशीचे फोटो जोडले हायत. दावा मंजूर. साईनाथनं परत एकदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा माझ्याकडं बघत वाचलं. मी म्हणलं, एवढं लिवायला तीन आठवडे लागले व्हय रं, मी तर एका दमात सांगितलतं.

ऋतिकानं तिथंच शाळेच्या बाईंना फोन लावला. म्हणली, बाई, माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या.

पुढच्या आठवड्यात नवा कॅमेरा आणायला आम्ही दोघी त्याच दुकानात गेलो. दुकानदारानं मला बघून खुर्ची दिली, पंखा लावला, आणि त्याच कंपनीचा कॅमेरा काढला. ह्याची झाकणं आणखी घट्ट हायत, पाण्याचं भ्या न्हाय, म्हणला. बोलता बोलता सवयीनं त्याचा हात टेबलावरच्या गिलासाकडं गेला.

मी तो गिलास त्याच्या हातातनं काढून घेतला, सगळं पाणी पिऊन टाकलं, आणि रिकामा गिलास त्याच्यासमोर पालथा ठिवला.

"हं," मी म्हणलं. "आता दाखव."